जर्मनचा टोप

मिठागरावर लोखंड टिकत नाही. नवं फावडं आणलं की पुढच्या हंगामात त्याच्या पात्याचे पापुद्रे निघतात, दाराच्या कड्या हातात येतात, आणि इथे राहून सायकल विकत घेणारा माणूस शुद्ध वेडाच समजावा. पितळेला कल्हई लागते आणि कल्हईवाला रेल्वेचे रूळ ओलांडून खाडीकडे कधी येत नाही. त्यामुळे कांजूरमार्गच्या मिठागराच्या खोल्यांत ज्याच्या त्याच्या चुलीवर जर्मनचीच भांडी. ॲल्युमिनियम हा शब्द तिथे फक्त शाळेत जाणारी पोरं म्हणायची. जर्मन गंजत नाही, फुटत नाही, पडून पोचा आला तर ठोकून सरळ करता येतो. मालनकडे असा एक मोठा टोप होता. लग्न होऊन मुंबईला आल्यावर तिनं घेतलेली ती पहिली वस्तू, आणि तिच्यावर तिचा जीव होता.

मालनचा नवरा काशीराम मिठागराचा मुकादम. मूळचा शिरोड्याचा, तिथेही बापआज्यांनी मीठच पिकवलेलं. खोल्यांतली निम्मीअधिक माणसं त्याच्याच गावची. मुकादम त्याला शेठनं केलं होतं, पण माणसं त्याला मानत ती त्याच्या गाऱ्हाण्यासाठी. दसऱ्यानंतर वाफे तुडवायला घेताना, पहिलं मीठ ओढताना आणि पावसाआधी हंगाम उतरवताना खाडीच्या बांधावर राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून तो उभा राहायचा. शेजारीच उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची फळ्यांची झडप. तिथून तो बारा गावच्या देवांना एका दमात हाका मारायचा, मागणं मागायचा, आणि प्रत्येक मागण्याशेवटी मागे उभी असलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून गजर करायची. असा खणखणीत आवाज, की पलीकडच्या भांडुपच्या मिठागरावरची माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. घरात मात्र चहात साखर कमी पडली तरी हा माणूस तोंड उघडायचा नाही. देवाशी बोलूक तोंड आसा, बायलेशी बोलूक नाय, असं मालन त्याला चिडवायची. तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याचे पाय सुजले. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत असं कळलं. मशीनवर रक्त धुवायची पाळी अजून आलेली नव्हती. पण पाणी मोजून प्यायचं होतं, आणि मीठ अजिबात बंद. मिठागराच्या मुकादमाला मीठ बंद, यावर खोल्यांमध्ये भरपूर थट्टा झाली. त्यानंही हसून घेतलं.

थट्टेत न बसणारी गोष्ट होती ती खाज. ती बाहेरून दिसायची नाही आणि आतून थांबायची नाही. काशीराम दाराच्या चौकटीला पाठ घाशी, जेवताना डाव्या हातानं मांड्या ओरबाडी, झोपेत स्वतःला रक्त काढी. मालन नारळाच्या सोडणाच्या काथ्यानं त्याची पाठ चोळायची आणि मनातून घाबरायची. हॉस्पिटलातल्या अनुपमा डॉक्टरीणबाईंनी त्यावर पांढऱ्या पातळ औषधाच्या बाटल्या दिल्या. रक्तात फॉस्फरस साठतं, त्यानं खाज येते आणि हाडंही ठिसूळ होतात. हे औषध जेवणाबरोबर घेतलं की पोटातल्या पोटात ते फॉस्फरस धरून ठेवतं. नंदानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, हे सगळं नीट ऐकून घेतलं. ती दहावी होऊन विक्रोळीला एका कंपनीत पॅकिंगला जायची, म्हणून हॉस्पिटलची कामं तिच्याकडे होती.

काशीरामनं पहिला घोट घेतला आणि दारात जाऊन थुंकला. चुना खाल्ल्यासारखं लागतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी औषध पाहूनच त्याला उमळून आलं. बाटल्या कोनाड्यात तशाच राहिल्या आणि खाज वाढतच गेली. पुढच्या खेपेला मालननं डॉक्टरीणबाईंना तक्रार सांगितली. समोर भली मोठी रांग होती. बाई म्हणाल्या, कशातही मिसळून द्या, पण पोटात गेलं पाहिजे.

कशातही म्हटल्यावर मालवणी बाईला दुसरं काय सुचणार? कोकमाचं आगळ तर चालणार नव्हतं, त्यात मीठ असतं. मालननं भावाला निरोप धाडून शिरोड्याहून मुद्दाम बिनमिठाची सोलं वाळवून आणवली. सकाळी उठल्यावर ती मोठ्या टोपात थोड्या पाण्यात सोलं कढत ठेवायची, लालभडक रंग उतरला की गार करायची, वर लिंबू पिळायची आणि त्यात ते पांढरं औषध ओतायची. ढवळलं की गुलाबी व्हायचं. दिसायला अगदी सोलकढी. काशीरामनं घोट घेतला, थांबला, आणि सगळा पेला पिऊन मिशी चाटली. महिनाभर अळणी भात गिळणाऱ्या माणसाच्या तोंडाला चव आली. मालन त्या दिवशी स्वतःवर खूश होती, आणि का नसावी?

खाजही उतरली. मग तर काय, तिन्ही त्रिकाळ तो पेला सुरू झाला. टोपाला रोज सोलांचं पाणी लागून आतला सगळा काळेपणा निघून गेला. शेजारच्या खोलीतली मथुरा भांडी घासताना म्हणाली, तुझो टोप तर नवो दिसता गो. मालननं तो उन्हात पालथा घातला, लोकांना दिसावा म्हणून.

वाफे तुडवण्याचं काम म्हणजे दिवसभर गुडघाभर चिखलात नाचणं. बायका-पुरुष रांगेनं उभे राहतात आणि टाचांनी चिखल दाबत दाबत मागे सरकतात. तळ दगडासारखा झाला नाही तर मीठ मातकट येतं. काशीराम पूर्वी रांगेच्या टोकाला असायचा. आता तो बांधावर बसून सांगायचा. कार्तिकात एकदा त्यानं गुणाजीला हाक मारली आणि भलतंच नाव घेतलं. गुणाजी त्याच्याच गावचा, त्याच्या हाताखाली वाढलेला. त्यानं हसून ओ दिली. नंतर काशीराम 'उघाडी' हा शब्द विसरला. हातानं दाखवलं, ती, ती, पाण्याची, म्हणाला. माणसं समजली आणि उघाडी उघडली. जन्मभर जो शब्द दिवसातून शंभरदा घेतला तो कसा विसरतो, हे मालननं त्याला विचारलं नाही. तिला स्वतःलाच विचारायची भीती वाटली.

मग हात उडायला लागला. पेला धरला की मनगट झटका द्यायचं आणि पाणी सांडायचं, जणू कुणी कोपराला धक्का दिला. टाचा दुखतात म्हणायचा, बरगड्या दुखतात म्हणायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठून बांधावर जायचा, उघाडीच्या फळ्या हलवून बघायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. मालनला वाटलं, रोग वर चढतोय. औषध कमी पडतंय. आणि कमी पडलेलं औषध वाढवायचं, एवढं कुणालाही कळतं. कुणालाही न विचारता तिनं दुपारचा एक पेला वाढवला. झाकणाच्या डब्यात घालून ती तो बांधावर घेऊन जायची आणि समोर उभी राहून पाजायची.

त्या वर्षी आभाळही धड नव्हतं. पौषात ढग आले. वाफ्यांत पांढरी साय धरायची आणि सकाळी शिंतोडे पडून विरघळून जायची. पाणी सोडा, पुन्हा भरा, पुन्हा वाट बघा. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. शेठचा मेहता येऊन वाफ्यांकडे न बघता आभाळाकडे बघून परत गेला. राखणदाराचं काहीतरी राहून गेलंय, अशी कुजबुज बायकांत सुरू झाली. शेवटी ऊन पडलं, मीठ धरलं, आणि पहिलं मीठ ओढायचा दिवस आला.

खोल्यांतली सगळी माणसं बांधावर जमली. बायका मागे, पुरुष पुढे. काशीराम धुतलेलं धोतर नेसून दगडापुढे उभा राहिला. नारळ ठेवताना हात उडाला आणि नारळ घरंगळला. गुणाजीनं तो उचलून जागेवर ठेवला. काशीरामनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. आवाज होता, पण मध्येच चिरला. "बारा गावच्या... बारा... रा... रा..."

माणसं थांबली. 'व्हय म्हाराजा' म्हणायचं तर आधी मागणं पुरं व्हायला हवं. काशीरामचा जबडा हलत होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, आणि शब्द काही केल्या बाहेर येत नव्हता. 'राखणदारा' एवढाच शब्द होता तो. एक पोर फिदीफिदी हसलं आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली. मालनला ती चापट आपल्याच गालावर बसल्यासारखी वाटली. काशीरामनं मागे वळून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तिनं इतक्या वर्षांत कधी न पाहिलेली गोष्ट होती, ती म्हणजे लाज.

गुणाजी पुढे झाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे सगळ्यांना दिसलं. त्यानं काशीरामच्या खांद्याला हात लावून विचारल्यासारखं केलं आणि गाऱ्हाणं पुरं केलं. घाईघाईत, चार देव विसरून, पण पुरं केलं. माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. काशीराम तिथेच उभा होता. 

त्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला. अडखळून चारचौघांत हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसणं त्याला बरं वाटत असावं. गावाला जाऊन कौल लावा, असं दोघातिघांनी मालनला सुचवलं. काशीराममुळेच मीठ उशिरा धरलं, असंही कुणी म्हणालं. मालननं ऐकून घेतलं आणि पेल्यात औषध जरा जास्त ओतलं. तिला दुसरं काय करता येण्यासारखं होतं? जे हातात होतं ते ती जीव तोडून करत होती.

शिमग्याच्या आधी, भर दुपारी, मिठाच्या टोपल्या वाहून नेणाऱ्या बायकांच्या वाटेतच काशीराम बांधावर आडवा झाला. दात आवळलेले, डोळे वर, आणि सगळं अंग तडफडतंय. मथुरेनं टोपली फेकली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गुणाजीनं आणि आणखी एकानं त्याला फळीवर घालून रूळ ओलांडले आणि टॅक्सी मिळवली. अंगावर मीठ तसंच चिकटलेलं होतं. हॉस्पिटलातल्या आयानं ते पाहून नाक मुरडलं आणि कुठल्या गटारातून आणलात, असं विचारलं. मालननं पदरानं त्याचे पाय पुसले.

तिसऱ्या दिवशी तो जागा झाला, पण शब्द नव्हते. अनुपमाबाई कागद चाळत उभ्या होत्या. चेहऱ्यावरून त्यांना कोडं पडलेलं दिसत होतं. रक्तातलं विष एवढं वाढलेलं नाही, मग हे झटके आणि ही जीभ कशानं, असं त्या नंदाला सांगत होत्या. त्यांनी सगळ्या औषधांची नावं विचारली. पांढरं औषध किती घेतात, असं विचारलं तेव्हा मालन पुढे झाली. हे तिचं खातं होतं. चार वेळा देतंय, एकदासुद्धा चुकवलं नाय, असं तिनं सांगितलं, आणि कसं देते तेही सांगितलं. सोलं, लिंबू, टोप, रंग. डॉक्टरीणबाई शाबासकी देतील असंच तिला वाटत होतं, हे इथे लिहिताना हात जड होतो.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत, म्हणून नंदा घाबरली.

"लिंबू रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज ताजा पिळतंय," मालन म्हणाली.

 मग बाई सावकाश सांगायला लागल्या, आणि मालनला समजावं म्हणून सोपं करून सांगायला लागल्या. त्या पांढऱ्या औषधात ॲल्युमिनियम असतं. तुमच्या भांड्याचं असतं तेच. साध्या पाण्याबरोबर घेतलं तर ते बहुतेक पोटातूनच बाहेर निघून जातं. पण लिंबासारख्या आंबटाबरोबर ते रक्तात शिरतं, हे अलीकडेच लोकांच्या लक्षात यायला लागलंय. बाईंनी स्वतः ते याच वर्षी वाचलं होतं. सोलांबद्दल कुणी तपासलेलं त्यांना माहीत नव्हतं, पण आंबट ते आंबटच, आणि भांडंही त्याच धातूचं. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. यांची टाकू शकत नाहीत. मग ते हाडांत बसतं, मेंदूत बसतं. शरीरातल्या प्रत्येक बारीक पेशीत प्राणवायूनं अन्न जळून ताकद तयार होते. हा धातू तिथे शिरला की ते जळणं बिघडतं आणि पेशीचं आतूनच नुकसान व्हायला लागतं.

"गंजता तसा?" मालननं विचारलं.

"हो. तसंच समजा."

मालननं मान हलवली. गंजणं तिला कळत होतं. आयुष्यभर तेच बघत आली होती. जे गंजत नाही म्हणून घेतलं, त्यानं आतून माणूस गंजवला, एवढं तिला त्या एका क्षणात समजलं.

उपाय आहे का, असं नंदानं विचारलं. एक इंजेक्शन आहे, पण ते मशीनवर असलेल्यांना देतात आणि मशीनची रांग लांब आहे. नाव घालते, असं बाई म्हणाल्या. ते औषध आजपासून बंद. आंबट बंद, जर्मनच्या भांड्यातलं रांधणं बंद. होतंय ते बहुतेक थांबेल. गेलेलं किती परत येईल, हे सांगता येत नाही. मग उठताना त्या नंदाकडे न बघता म्हणाल्या, "कशातही मिसळा म्हणून मीच सांगितलं होतं."

ते खरंच होतं. पण मालनला त्याचा काडीचा आधार वाटला नाही. पेला डॉक्टरीणबाईंच्या हातात नव्हता.

परतताना नंदा सगळ्या वाटेत रडत होती आणि मध्येच आईवर उखडत होती. "एवढी हौस होती तर मला विचारायचं ना. मी बाईंना विचारलं असतं." स्टेशन येईपर्यंत तिचा राग उतरला आणि ती आईला बिलगली. बाबांना सांगू नकोस, ते सहन करणार नाहीत, असं तिनं बजावलं. मालननं बरं म्हटलं. घरी आल्यावर तिनं टोप उचलला आणि खोलीमागच्या चिखलात नेऊन टाकला. मथुरा बघत राहिली. चांगला टोप टाकतेस, डोकं ठिकाणावर आहे का, असं तिनं विचारलं. मालननं नुसता हात झाडला.

काशीराम घरी आला तेव्हा हंगाम जोरात होता. ऊन असं की वाफ्यांकडे बघवत नाही. बांधावर मिठाचे ढीग वाढत होते आणि गुणाजी मुकादमी बघत होता. झटके थांबले होते. हात अजून उडायचा. शब्द एखाददुसरा यायचा, तोही अर्धा. आणि पहिल्याच जेवणाला काशीरामनं आपला पेला पुढे सरकवला.

मालननं त्यात पाणी ओतलं. त्यानं पेला ढकलून दिला. बोटानं कोनाड्याकडे दाखवलं, जिथे सोलांची पिशवी असायची. ती रिकामी होती. डॉक्टरांनी नको सांगितलंय, असं ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं सोपं नव्हतं. अळणी भात, मोजलेलं पाणी, तोंडातली वाचा गेलेली. एवढ्यात एक चव उरली होती, तीही बायकोनं काढून घेतली. असंच त्याला वाटत असणार. दुसरं काय वाटणार? कारण कुणी सांगितलं होतं?

पुढचे दिवस असेच गेले. तो पेला सरकवायचा आणि ती पाणी ओतायची. तो जेवण टाकून उठायचा, बांधावर फेऱ्या मारायचा, परत येऊन रिकामी पिशवी चाचपायचा. टोप कुठे गेला म्हणून त्यानं सगळं घर धुंडाळलं. मालन टोपल्या वाहताना, चूल पेटवताना, कपडे धुताना मनात सारखी तेच बोलायची, आणि तोंड उघडलं की दुसरंच निघायचं. त्याच्या जिभेवर आजार होता. तिच्या जिभेवर काय होतं?

एका दुपारी ती टोपली ओतून घरी पाणी प्यायला आली तर काशीराम मथुरेच्या दारात उभा. हातात रिकामा पेला, पुढे धरलेला, भिकाऱ्यासारखा. ज्या माणसासाठी खोल्यांतले म्हातारेही उठून उभे राहायचे तो माणूस. मथुरेनं कळवळून लिंबाचं सरबत केलं होतं आणि ती ते ओतत होती. मालन धावली आणि तिनं तो पेला हिसकला. सरबत दोघींच्या अंगावर सांडलं.

मथुरा भडकली. "आजारी माणसाक घोटभर सरबत नाय देवक? मारून टाकतलंस काय तेका?"

आजूबाजूच्या दारांतून माणसं बघत होती. नवरा मुका झाल्यापासून ही शेफारलीय, असं कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं. काशीराम खाली मान घालून घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मालन दारातच उभी राहिली. 'मारून टाकतलंस काय,' हे शब्द तिच्या कानांतून जाईनात. 

मेच्या अखेरीला हंगाम उतरवायचं ठरलं. गाऱ्हाणं गुणाजी घालणार होता. आदल्या दिवशी कामाची सुटी झाली आणि माणसं बाजारहाटाला पांगली तेव्हा मालननं एक नारळ घेतला, काशीरामचा हात धरला आणि त्याला बांधावर नेलं. तो यायला नाखूश होता. दगड पुढे दिसल्यावर तर थांबलाच. तिनं हात सोडला नाही.

ओहोटी होती. खाडीच्या चिखलाचा वास येत होता आणि रिकाम्या वाफ्यांचे तळ उन्हात तडकायला लागले होते. मालननं नारळ दगडापुढे ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. काशीराम तिच्याकडे बघतच राहिला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. शिरोड्यात नाही, इथे नाही, कुठेच नाही. पण जे घरात त्याच्या तोंडावर सांगता आलं नाही ते सांगायला तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती. गाऱ्हाण्यात चूक कबूल करायची जागा असते. दर वर्षी त्याच्याच तोंडून तिनं ते ऐकलं होतं.

"बा राखणदारा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "बायलमाणूस तुझ्यासमोर उभी रवलंय, ताचो राग मानू नको. माझ्या घोवाक डाक्टरान औषद दिल्यान. ता मी सोलांच्या पाण्यातसून दिलंय. जर्मनच्या टोपात कढवलंय, वर लिंबू पिळलंय. बरा वाटाचा म्हणान आणखी आणखी दिलंय. ताच ताच्या अंगात भिनला. ताची वाचा गेली ती माझ्या हातान गेली. माका ठावक नव्हता रे म्हाराजा. म्हणान आता पेलो देत नाय, तो माझ्यावर रागावलो तरी देत नाय. काय चूक झाली ती पोटात घाल, आणि ह्या लेकराक पदरात घे."

ती थांबली. इथे मागून गजर यायचा असतो. मागे कुणी नव्हतं. रिकामा बांध, मिठाचे ढीग आणि लांब रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज. शेजारी काशीरामचा श्वास ऐकू येत होता. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती. ती जोडलेल्या हातांकडे बघत राहिली, आणि आता तो निघून जाईल असं तिला वाटलं.

"व्हय म्हाराजा," काशीराम म्हणाला.

अडखळला नाही. आवाज पूर्वीचा नव्हता, घोगरा होता, पण शब्द दोन्ही अख्खे होते. मालनला हुंदका आवरला नाही. तो पुन्हा म्हणाला, "व्हय म्हाराजा," गजर दोनदा करायची रीतच असावी तसं. 

मग त्यानं वाकून नारळ उचलला. फोडायला हात वर नेला आणि मनगट उडालं. मालननं डोळे पुसले, त्याच्या हातावर आपला हात घट्ट धरला, आणि दोघांनी मिळून तो नारळ दगडावर आपटला.